किती उरल्या?

१

वर्तमानपत्रांतल्या खपाच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. चौतीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली शेवटची वीस नवी मुंबईत. त्या याद्या कशा तयार होतात ते मला माहीत आहे. प्रकाशक फोन करतो, पुरवणीचा संपादक लिहून घेतो आणि वाचक त्यावर विश्वास ठेवतो. झालं.

पुस्तक खपतंय की नाही हे ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्यानं दुकानात जावं, शेल्फसमोर उभं राहावं आणि प्रती मोजाव्यात. पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा मोजाव्यात. पाचच्या पाच दोन महिने तशाच असतील आणि वरच्या कडेला धूळ बसली असेल, तर ते पुस्तक मेलं आहे, मग त्यावर कितीही परिसंवाद होवोत. दोन उरलेल्या होत्या आणि आज तिथे दहा आहेत, म्हणजे दुकानदारानं मागवल्या, पुस्तक जिवंत आहे. आणि दारातच प्रतींचा मनोरा रचलेला असेल तर तिथे बहुतेक वेळा ढोंग असतं.

याच पद्धतीनं मी एका बिल्डर-पुढाऱ्याचं आत्मचरित्र उघडं पाडलं होतं. सहा महिन्यांत पाच आवृत्त्या, अशी होर्डिंगं लागली होती. मी नेरूळच्या दुकानातल्या प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला. सोमवारी विकल्या गेलेल्या प्रती गुरुवारी वितरकाच्या गाडीतून परत आल्या, ठिपक्यांसकट. ‘चाळीस प्रतींच्या पाच आवृत्त्या’ हा माझा मथळा. त्यानं अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो हरला.

त्या मोजणीला गोजरा माझ्याबरोबर असायची. गोजरा म्हणजे माझी बायको. दर शनिवारी सकाळी कामोठ्याहून आम्ही नेरूळला भाजी घ्यायला जायचो आणि मंडईच्या वरच्या मजल्यावरच्या दुकानात डोकवायचो. मी नजरेनं मोजायचो. ती मात्र तर्जनीचं नख प्रत्येक प्रतीच्या कण्यावर वाजवत जायची. टक, टक, टक. शेवटच्या प्रतीशी थांबून माझ्याकडे बघायची. मी आकडा सांगायचो आणि ती मान डोलवायची. तिनं माझा आकडा कधी पडताळून पाहिला नाही.

२

गोजराचं माहेर खाडीकाठचं. लहानपणी ती मिठागरावर आईच्या मागे फळी घेऊन मीठ ओढायची. आता तिथे टॉवर आहेत. मी मराठवाड्यातून आलेला, शिकून पेपरात लागलेला. आमच्या लग्नाला तिच्या बाजूनं कुणी आलं नव्हतं, एक चांगुणा सोडून. मिठागरावरची मैत्रीण.

साठी उलटल्यावर गोजरानं एक पुस्तक लिहिलं. ‘पायांना मीठ’. मिठागरावरच्या बायकांच्या आठवणी, सव्वाशे पानं. शंभर प्रती छापल्या. प्रकाशन सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. त्या दिवशी एका केमिकल कारखान्यात आग लागली होती. मी पोचलो तेव्हा भाषणं संपून लोक वडे खात होते. गोजरानं माझ्या हातात एक प्रत दिली. मी ती शोकेसमध्ये, काचेमागे, माझ्या पुरस्कारांच्या शेजारी उभी केली.

माझी धरून छत्तीस प्रती आलेल्या लोकांनी नेल्या. चौसष्ट भाविकाच्या दुकानात ठेवल्या. भाविका म्हणजे त्या दुकानाची मालकीण. वडिलांच्या मागे तीच चालवते. ती दहा प्रती शेल्फवर लावायची, कमी झाल्या की खालच्या खोक्यातून भर घालायची.

पहिल्या शनिवारी दहा होत्या. दुसऱ्या शनिवारी दहा. तिसऱ्याही. गोजरा नख वाजवत जायची, टक, टक, आणि दहाव्या प्रतीशी थांबून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, दहा. मीच तिला शिकवलं होतं ना, की हलत नाही ते पुस्तक मेलेलं.

मग तिच्या रिपोर्टमध्ये नको ते आलं.

मी छापील खोटं कधी बोललो नव्हतो. म्हणून मी आकडा खोटा सांगितला नाही, आकडा खरा केला. ओळखीच्या माणसांना पाठवायला लागलो. फोटोग्राफर ज्ञानू, दोन वार्ताहर, कोर्टातला एक कारकून, अशी दहाबारा माणसं. भाविका त्यांना ओळखत नव्हती. ते एकेक प्रत विकत घ्यायचे आणि माझ्याकडे आणून द्यायचे. सवयीनं मी प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आणणाऱ्याचं आद्याक्षर आणि क्रमांक टाकायचो. ज्ञा. १, ज्ञा. २. मग खोक्यात. खोकी रबाळ्याला, माझा मित्र प्रितम याच्या बंद वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर.

चौथ्या शनिवारी सात होत्या. गोजरा बराच वेळ सातव्या प्रतीवर बोट ठेवून उभी राहिली.

“कोन नेत असंल हो?” तिनं विचारलं.

“वाचक,” मी म्हटलं.

पुढे तिला जिना चढवेना. मग ती भाविकाला फोन करायची. शेवटी फोनही जमेना, तेव्हा हॉस्पिटलच्या पलंगाच्या कठड्यावर नख वाजवायची. टक, टक. म्हणजे प्रश्न. किती उरल्या? मी सांगायचो, वीस. बारा. पाच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी सांगितलं, “एकही नाही. संपलं पुस्तक.”

तिचं बोट कठड्यावर थांबलं. त्याच संध्याकाळी ती गेली.

नंतर घरी भेटायला आलेल्या भाविकानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, काका, एखादी प्रत मिळेल का? ती औपचारिकपणे विचारतेय असं मला वाटलं. मी थोडा अभिमानानंच सांगितलं, संपलं.

३

आठ महिने मी त्या दुकानात गेलो नाही. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी भाजी घ्यायला गेलो आणि पाय आपोआप जिना चढले.

आत्मचरित्रांच्या रॅकमध्ये, खालून तिसऱ्या फळीवर, ‘पायांना मीठ’ची एक प्रत उभी होती.

मी शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीत माझंच अक्षर होतं. ज्ञा. १.

भाविकाला विचारलं. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं, सिस्टीममध्ये झिरो आहे, कुणीतरी चाळायला आणून विसरलं असेल. मलाही तेच वाटलं. ज्ञानूनं वाचायला म्हणून ती परत नेली असेल, एखादी प्रत माझ्याकडून कुणाला दिली गेली असेल. माणूस म्हातारा होतो, विसरतो. प्रत मी तिथेच ठेवली. खरं सांगायचं तर मला ती उचलवली नाही.

पुढच्या शनिवारी चार होत्या. ज्ञा. १ ते ज्ञा. ४, ओळीनं.

मी ज्ञानूला फोन केला आणि वाटेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला की सर, मी फेब्रुवारीपासून नाशिकला आहे, मुलीकडे. मागून नात रडत होती, ती ऐकू येत होती.

खाली मंडईत हिरव्या मिरचीचा भाव विचारताना माझ्या लक्षात आलं, की त्या चार प्रतींच्या वरच्या कडेवर धूळ नव्हती. आठ महिने पोटमाळ्यावर पडलेल्या प्रती. कुणीतरी पुसून ठेवल्यासारख्या.

४

प्रितम आणि मी एका कामगार आंदोलनात एकत्र लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे त्याला मी काहीही बोलू शकतो. बोललो. तो हसायला लागला.

“चोर पुस्तकं नेतो म्हणे. अरे, इथून तांब्याची वायर गेली असती तर मी समजू शकलो असतो. किसन, पोटमाळ्याचं कुलूप तुझं, चावी तुझी. मी वर चढू शकतो का, माझे गुडघे बघ.”

कुलूप शाबूत होतं. शिडी चढून वर गेलो. पत्र्याखाली सकाळीच भट्टीसारखं तापलं होतं. तीन खोकी एकावर एक, चिकटपट्टी जशीच्या तशी, चिकटपट्टीवर मी केलेल्या सह्याही जशाच्या तशा. अर्धी सही पट्टीवर, अर्धी पुठ्ठ्यावर, जुनी सवय. सह्या जुळत होत्या.

पहिलं खोकं कापलं. प्रती मी घट्ट बसवल्या होत्या, बोट शिरणार नाही इतक्या. आता एका कोपऱ्यात चार प्रतींची जागा मोकळी होती. बाकीच्या कलंडल्या नव्हत्या. सरळ उभ्या होत्या, कुणी हात धरल्यासारख्या. मोकळ्या जागेच्या तळाशी पुठ्ठ्यावर पांढरी रेघ होती. बोटाला लावून मी जिभेवर ठेवली. मीठ.

आता, रबाळे खाडीपासून लांब नाही. दमट हवेनं पुठ्ठ्यावर क्षार येतात. कुठल्याही गोदामवाल्याला विचारा. हे सगळं मी स्वतःलाच समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागच्या बंद खोक्यातून आवाज आला. पुठ्ठ्याच्या आतून. टक. टक. टक. एकेका प्रतीवर, न चुकता, शेवटापर्यंत.

मग थांबला. कुणीतरी उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

मी खाली आलो तेव्हा प्रितमनं विचारलं, काय रे, उंदीर? मी म्हटलं, हो. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खोकी खाली उतरवायला शेजारच्या युनिटमधल्या माणसाला हाक मारली. टेम्पोतून ती मी कामोठ्याला आणली, गोजराच्या कपाटात ठेवली, तिच्या साड्यांखाली. कुलूप लावून किल्ली खिशात घातली.

शनिवारी दुकानात सतरा होत्या.

५

नोव्हेंबर संपेपर्यंत तिसरी फळी भरली, मग चौथी. दर शनिवारी मी जायचो. दर शनिवारी घरचं कपाट उघडलं की तेवढ्याच जागा मोकळ्या असायच्या. मी पोलिसांत जाणार होतो. काय सांगणार होतो? माझ्या घरातून माझ्या बायकोची पुस्तकं चोरून कुणीतरी दुकानात नेऊन ठेवतंय? पोलीस स्टेशनातली ती हसण्याची पद्धत मला माहीत आहे.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी भाविका काउंटर सोडून माझ्याकडे आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिचा चेहरा उतरलेला होता.

“काका, तुम्हीच ठेवताय ना?”

मी तिच्यावर ओरडलो. ज्या माणसानं चाळीस प्रतींचं ढोंग उघडं पाडलं त्याला तू हे विचारतेस, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की त्या सगळ्या प्रतींच्या मागे तुमचं अक्षर आहे, मी ते वीस वर्षं बघतेय. कॅमेऱ्यात कुणी ठेवताना दिसत नाही. दिसता तुम्हीच, शेल्फसमोर उभे. तुम्ही ती माणसं पाठवली होती हेही मला तेव्हाच कळलं होतं. एक जण तर कोर्टाच्या कागदांची पिशवी घेऊन आला होता आणि पुस्तकाचं नाव चिठ्ठीवरून वाचत होता.

“मग बोलली का नाहीस?”

“काकींसाठी करताय असं वाटलं. कसं बोलणार?”

तिनं एक प्रत काढली आणि माझ्यापुढे धरली. मी सवयीनं शेवटचं पान उघडायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

“पुढून उघडा. तुम्ही नेहमी मागूनच उघडता.”

चौसष्ट प्रती माझ्या हातातून गेल्या होत्या. एकही मी पुढून उघडली नव्हती. शोकेसमधलीही नाही.

पहिल्या पानावर मधोमध दोन ओळी होत्या.

*ज्यानं मला कधी खोटा आकडा सांगितला नाही,
त्या माझ्या नवऱ्याला.*

ही अर्पणपत्रिका प्रकाशनाच्या दिवशी तिनं वाचून दाखवली होती म्हणे, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या होत्या. मी तेव्हा आगीच्या जागी बंबांचे आकडे लिहून घेत होतो.

६

भाविकानं मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. मग स्वतःच सांगायला लागली.

गोजराच्या पुस्तकाला वाचक नव्हता असं नाही. एक होती. दर मंगळवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, खाडीकडच्या गावातून एक म्हातारी यायची, चांगुणाबाई. आमच्या लग्नाला आलेली, तीच. तिला वाचता येत नव्हतं. विकत घेऊन तरी ती काय करणार होती? भाविका शेल्फवरची एक प्रत काढायची, तिला याच स्टुलावर बसवायची आणि चार-पाच पानं वाचून दाखवायची. म्हातारी मध्येच थांबवायची. हां, हा मुकादम असाच व्हता. आमी दोघी पलालेलो त्या दिशी. मग भाविका प्रत परत शेल्फवर ठेवायची. शेल्फवरचा आकडा हलायचा नाही.

“मग फेब्रुवारीत ती आली, तर प्रतच नाही,” भाविका म्हणाली. “मी म्हटलं, मागवते. पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. मी तुम्हाला विचारलं होतं, काका.”

विचारलं होतं. आणि मी म्हटलं होतं, संपलं.

“एप्रिलमध्ये तिचा मुलगा येऊन गेला. आई गेली, म्हणाला. शेवटी विचारत होती, फुडं काय झालं म्हनून. त्यालाही काही कळलं नाही, कशाचं पुढं.”

तिनं माझ्या हातातली प्रत घेतली आणि सत्तेचाळिसावं पान उघडलं. कोपरा दुमडलेला होता. दुसरी काढली. सत्तेचाळीस, दुमडलेला. तिसरी. दहावी. कुठल्याही प्रतीत, त्याच पानाचा, तोच कोपरा.

“इथपर्यंत आलो होतो आम्ही,” भाविका म्हणाली. “पण मी एकाच प्रतीत खूण केली होती.”

खाली कुणीतरी स्कूटर लावली. भाविका उठून काउंटरकडे गेली. मला वाटतं, तिला रडायचं होतं. मी शेल्फसमोर उभा राहिलो. दोन फळ्या, कण्याला कणा लागलेल्या. चौसष्ट. घरच्या कपाटात आता काही नव्हतं. ते मला न बघताही कळलं.

मी हळूच म्हटलं, “गोजरा, चौसष्ट उरल्यात. एकही गेली नव्हती.”

रॅक भिंतीला खिळलेला आहे. मागे जागा नाही. ते मी नंतर हात घालून पाहिलं. पण प्रतींच्या मागून, त्या अंधाऱ्या फटीतून, आवाज सुरू झाला. टक. टक. टक. वरच्या फळीच्या डाव्या टोकापासून. मी मोजत गेलो. वरची फळी संपली. खालची सुरू झाली. शेवटच्या दोन प्रतींमध्ये बोटभर अंतर पडलं आणि त्यातून मला एक नख दिसलं. पांढरं पडलेलं, कडेला चिरलेलं, मिठागरावर काम केलेल्या बाईचं असतं तसं. क्षणभरच. मग प्रती पुन्हा जुळल्या.

चौसष्टावा ठोका झाला. मी श्वास सोडला.

आणि मग आणखी एक. टक.

७

पासष्टावी प्रत माझी होती.

घरी आलो. शोकेसची काच बंद होती, पुस्तक जागेवर होतं, पुरस्कारांच्या शेजारी. काढलं, पुढून उघडलं. सत्तेचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला.

दुकानातल्या प्रती भाविकानं तिथेच ठेवल्या आहेत. तीन विकल्या गेल्या म्हणते. मी विचारलं नाही कुणाला; आता मी मोजायला जात नाही. मंगळवारी दुपारी ती स्टुलावर बसून, कुणी असो नसो, मोठ्यानं वाचते.

मी घरी वाचतो. पहिल्यापासून सुरुवात केली. रोज चहानंतर, खिडकीशी बसून, चार पानं, मोठ्यानं. चांगलं लिहायची गोजरा. हे मी बातमीदार म्हणून सांगतोय, नवरा म्हणून नव्हे. मुकादम, भरतीची वेळ, ओल्या बांधावरून धावणाऱ्या दोन पोरी, पायाच्या भेगांत शिरलेलं मीठ आणि रात्री त्यावर तेल लावणारी आई. एक वाक्य जास्त नाही. हिनं माझ्या किती बातम्या वाचल्या असतील, आणि मी हिचं एक पान वाचलं नव्हतं.

जिथे थांबतो तिथे मी खूण करत नाही. सकाळी कोपरा दुमडलेला असतो. बोटांना जरासं खरखरीत लागतं.

तिकडे दुकानात सत्तेचाळीसच्या पुढे काय झालं ते भाविका वाचतेय, आणि इकडे माझं पुस्तक संपत आलंय. गेल्या आठवड्यापासून मी कमी वाचायला लागलो. चाराची दोन पानं केली, दोनाचं एक. पुस्तक मिटल्यावर काय होईल हे मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. काही होणार नाही. सकाळी कोपरा दुमडलेला नसेल.

आज अर्धंच पान वाचून मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. खालच्या मैदानात पोरांचं क्रिकेट चाललं होतं. समोरच्या शोकेसच्या काचेवर, आतून, नख वाजलं. टक. टक.

प्रश्न तोच होता. तिला सांगता आलं असतं, पुष्कळ आहेत अजून. जाड पुस्तक आहे तुझं. तिनं माझा आकडा कधी पडताळून पाहिला नव्हता.

मी पानं मोजली. पुन्हा एकदा मोजली.

“अकरा,” मी म्हटलं, आणि राहिलेलं अर्धं पान वाचायला लागलो.